आय बोलली तो गुरुवार

मी काय केलं आणि कसं केलं, ते इथे लिहिणार नाही. त्यात कुणाच्या उपयोगाचं काही नाही. पंधरा-सोळा वर्षांची पोर होते, एका दुपारी स्वतःचा जीव संपवायला निघाले, आणि शेजारच्या काकूला वेळेवर दिसले म्हणून वाचले, एवढं पुरे. त्यानंतर जे झालं ते मात्र सांगितलंच पाहिजे. म्हातारपणी बऱ्याच आठवणी झिजून गुळगुळीत होतात, पण ही झिजत नाही. आजही ती काढून बघितली की मी पहिल्यांदा बघत असल्यासारखी थक्क होते. एक मुलगी परत कशी आणली जाते, ते मी आतून पाहिलं आहे, कारण ती मुलगी मीच होते.

आमचं घर खालापूरच्या बाजूला, पाताळगंगेच्या काठी. वर डोंगरात वीज तयार झाली की तिथलं पाणी आमच्या नदीत सोडायचे, त्यामुळे ऐन वैशाखातही आमच्याकडे धुणं बडवल्याचे आवाज बंद व्हायचे नाहीत. दादा, म्हणजे माझे वडील, भाताची शेती करायचे आणि खोपोलीच्या कागदाच्या गिरणीत पाळीवर जायचे. ते घरी आले की त्यांच्या सदऱ्याला ओल्या लगद्याचा आंबूस वास असायचा. आय पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापायची. परातीवर पडणारा तिच्या हाताचा थप-थप आवाज म्हणजे आमचं घड्याळ. तिचा आवाज तेवढाच ऐकू यायचा म्हटलं तरी चालेल. घरात पुरुषमाणसं बसलेली असली की आय दाराआड उभी राहायची आणि काही सांगायचं झालं तर माझ्या नाहीतर हिराताईच्या कानात सांगायची. आम्ही ते ओटीवर जाऊन मोठ्याने बोलायचो. बोलणारी होती ती हिराताई, माझी थोरली बहीण. वालाच्या शेंगा सोलता सोलता ती गावातल्या प्रत्येकाची नक्कल करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

हिराताईचं लग्न झालं आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. मुलगी जगली. तेराव्याला जमलेल्या बायका भांडी घासता घासता बोलू लागल्या, "आता यमीच जाईल तिकडं. लेकराला मावशीसारखी दुसरी आय मिळनार हाय का?" यमी म्हणजे मी, यमुना. कुणी मला विचारलं नाही, आणि नाही म्हणावं असं मलाही सुचलं नाही. ताईच्या साड्या, ताईची चूल, ताईचा नवरा, सगळं जणू माझ्यासाठी रिकामं झालं होतं. नंतर लोक म्हणाले, पोरीला ते लग्न नको होतं म्हणून तिनं असं केलं. ते खरं आहे आणि पुरेसं खरं नाही. कारण त्याच्या आधीपासूनच माझ्या आत काहीतरी विझत चाललं होतं. झोप येईना. भात तोंडात घातला की ओला कागद चघळल्यासारखं वाटे. मैत्रिणी हाक मारायच्या तेव्हा त्यांचा आवाज नदीपलीकडून आल्यासारखा यायचा. आणि आतून कुणीतरी शांतपणे सांगत राहायचं, की तुझ्यावाचून यांचं बरं चालेल. ते साफ खोटं होतं. पण खोटं इतक्या शांत आवाजात बोलतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला कर्जतला एका लहानशा दवाखान्यात नेलं. स्टेशनापासून जवळच होता तो. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून लावायची इंजिनं तिथे सारखी पुढेमागे व्हायची, आणि शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या इंजिनांचं धापा टाकणं. दवाखाना एका डॉक्टरीणबाईंचा होता. उंच, काटक बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, हात सतत धुतलेले आणि गार. माझ्या अंगातला धोका टळल्यावर त्या माझ्या खाटेवर येऊन बसल्या. मी डोळे मिटून घेतले. तोपर्यंत जो आला त्याने एकच विचारलं होतं: का केलंस? आई-बापाचा विचार नाही आला? बाईंनी ते विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "यमुना, फार दुखत असणार तुला. किती दिवसांपासून दुखतंय?"

मी डोळे उघडले. दुखतंय! मला काही दुखतंय असं मला कुणी म्हटलंच नव्हतं. मी स्वतःलाही नाही. वाईट, कृतघ्न, घराण्याला बट्टा, हे शब्द माझ्याकडे होते. दुखणं हा शब्द नव्हता. मी रडायला लागले ते बराच वेळ रडत राहिले आणि बाई माझा पाय चेपत नुसत्या बसून राहिल्या. बाहेर कळा येणाऱ्या बायका ओरडत होत्या, कुणी त्यांना बोलवायला आलं तर त्या म्हणाल्या, "आलेच," पण उठल्या नाहीत.

त्या काळी असं करणं हा गुन्हा समजला जाई. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा बाई दारातच त्याला म्हणाल्या, "पेशंट आजारी आहे. ती बरी झाली की मी स्वतः कळवीन." तो भला माणूस होता, मान हलवून गेला. त्या जबाबाचं पुढे काही झालं नाही. गावात मात्र सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की यमीला ताप आला होता. "कडक ताप," असं म्हणायचं आणि एकमेकांकडे बघायचं. काहींना ते बाहेरचं वाटलं, हिराची छाया वाटली. दादांच्या चुलतभावाने अंगारा पाठवला. बाईंनी तो फेकला नाही. "लावा हवं तर," त्या आयला म्हणाल्या, "पण गोळ्या बंद करायच्या नाहीत." मुंबईतल्या एका मनाच्या डॉक्टरांशी बोलून त्यांनी त्या गोळ्या आणवल्या होत्या.

घरी सोडायच्या दिवशी बाईंनी आय आणि दादांना समोर बसवलं. दादा खुर्चीच्या कडेला टेकले होते, टोपी हातात. आय सवयीने दाराकडे सरकली तर बाईंनी तिच्यासाठीही खुर्ची ओढली. मग त्या बोलल्या. सुरुवातीला मुलीला एकटं ठेवायचं नाही, पण कैद्यासारखा पहाराही नको. जिवाला धोका होईल असं काही घरात हाताशी ठेवायचं नाही. कुणी शपथ घालायची नाही, डोक्यावर हात ठेवून वचन मागायचं नाही. "शपथ घातली की मुलगी गप्प होते. आपल्याला ती बोलायला हवी आहे. आणि रोज तिला सरळ विचारायचं, तसं काही मनात येतंय का."

आय इतकी दचकली की पहिल्यांदाच परक्यासमोर बोलली. "बाई, नाव काढलं तर पुन्ना मनात येल ना वो तिच्या!"

"विचारल्याने येत नाही," बाई म्हणाल्या. "आलेलं असेल तर बाहेर पडायला वाट मिळते."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आता तू सांग. तुला काय नको आहे?"

काय हवं असं विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. मी जमिनीकडे बघून म्हणाले, "मला ताईच्या घरी नांदाया जायचं नाय."

दादांनी टोपी उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय गं? आगुदर का नाय बोललीस?" आणि लगेच, माझं उत्तर यायच्या आत, स्वतःशीच म्हणाले, "आमी तरी कवा विचारलं."

दुसऱ्या दिवशी ते ताईच्या सासरी गेले. तिथे काय होईल या धास्तीने आय दिवसभर चुलीपासून हलली नाही. दुपार कलल्यावर दादा आले ते पिवळ्या कुंचीत गुंडाळलेलं बाळ घेऊन. ताईची मुलगी. भाऊजींना दादांनी चाचरत सगळं सांगितलं तेव्हा तो तरुण माणूस म्हणे डोकं धरून बसला. म्हणाला, "मामा, मी कवा मागितली व्हती यमूला? ती माजी धाकटी बहीन. लोकांनीच ठरवलं, मला वाटलं तुमालाच तसं पायजे." म्हणजे ज्या लग्नाच्या भाराखाली आम्ही सगळे चिरडत होतो, ते आमच्यातल्या एकालाही नको होतं. ही गोष्ट मला अजून अचंब्यात टाकते. बाळाला थोडं मोठं होईपर्यंत आमच्याकडे ठेवायचं ठरलं. तिच्या रडण्याने, तिच्या दुपट्यांच्या वासाने घर भरून गेलं, आणि मी तिची मावशी झाले, फक्त मावशी.

यानंतर मी बरी झाले असं लिहून टाकलं तर ते खोटं ठरेल. लग्न टळलं तरी आतला तो आवाज गेला नाही. सकाळी उठायचं म्हणजे चिखलातून गाडी ओढायची. आय मात्र बाईंनी सांगितल्याप्रमाणे रोज विचारायची. सुरुवातीला तिला ते जमायचंच नाही. भाकरी थापता थापता, माझ्याकडे पाठ करून, परातीलाच विचारल्यासारखं म्हणायची, "यमू, आज... ते काय मनात येतंय का गं?" मी नाही म्हणायचे. हळूहळू ती वळून विचारायला लागली. मग माझ्या डोळ्यांत बघून. जी आयुष्यभर दाराआडून दुसऱ्याच्या तोंडाने बोलली, ती बाई मरणाचं नाव घेऊन मला विचारत होती, जसं एखादी विचारेल, भात वाढू का.

आणि दिवाळीनंतर एका सकाळी मी म्हणाले, "व्हय. येतंय. कालपासून लई येतंय."

मला वाटलं, ती आता ऊर बडवेल. आयने हातातला गोळा परातीत ठेवला, हात धुतले, आणि म्हणाली, "बरं झालं बोललीस. चल." बाळाला काकूच्या ओटीत दिलं आणि आम्ही खोपोलीहून कर्जतच्या छोट्या गाडीत बसलो. वाटेभर तिने माझं मनगट स्वतःच्या मांडीवर धरून ठेवलं होतं. पळसदरीच्या पुढे खिडकीतून ऊन आलं ते तिने पदर धरून माझ्या तोंडावरून अडवलं. बाईंनी गोळ्या बदलल्या, मला दोन रात्री तिथेच ठेवून घेतलं, आणि ठरवून टाकलं की आता दर गुरुवारी यायचं. तपासण्यासारखं काही नसलं तरी यायचं.

तर असाच एक गुरुवार. वालाला शेंगा धरल्या होत्या, सकाळी धुकं होतं. आम्ही पोचलो तेव्हा बाई आत बाळंतपणात अडकल्या होत्या. पडवीत दोन बाकं समोरासमोर, आणि दोन्हीवर गर्दी; आम्ही एकावर दाटीने बसलो. फक्त समोरच्या बाकाच्या टोकाला एक बाई आणि तिची मुलगी बसली होती, त्यांच्या शेजारची जागा मात्र रिकामी. मुलीची आई कशेळ्याच्या पलीकडच्या कुठल्याशा गावची, पायांवर धूळ, एसटीने आलेली. मुलगी माझ्याच वयाची. तिच्या तोंडावर आईने स्वतःचा पदर ओढून धरला होता. बाकावरची कुणी विचारायची, "काय झालंय वो पोरीला?" की ती घाईने म्हणायची, "ताप. ताप हाय." आणि बाकीच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. एकीने दुसरीच्या कानात काही सांगितलं, दुसरीने तोंडाला पदर लावला. मी ते सगळं ओळखलं. तो ताप माझ्या ओळखीचा होता.

आयही बघत होती. तिच्या जबड्याचं हाड हललेलं मला दिसलं. मग ती उठली, पडवी ओलांडून गेली आणि त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली. मला हाताने बोलावून घेतलं. आणि बोलली. कानात नाही, मोठ्याने, सगळ्या पडवीला ऐकू जाईल असं.

"बाय, ही माजी लेक. यमुना. दसऱ्याच्या वक्ताला जीव द्याया निघाली व्हती. हितंच आनली. ताप नव्हता तिला. मन आजारी व्हतं. आता बरी व्हतेय, बघ."

सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. एक म्हातारा खोकत होता तोही थांबला. माझे कान तापून लाल झाले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जे झाकण्यासाठी सारा गाव खपला होता, ते आयने भर पडवीत मांडलं होतं. मी तिच्याकडे रागाने बघितलं आणि मला तिचे हात दिसले. मांडीवर ठेवलेले ते हात कापत होते, बांगड्या किणकिणत होत्या. आवाज मात्र कापत नव्हता. त्या क्षणी माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. एखादा डोंगर रोज घरामागे बघावा आणि एक दिवस धुकं हटून तो केवढा आहे ते दिसावं, तसं मला झालं. ही माझी आय. ही एवढी मोठी होती, आणि माझ्याच घरात भाकऱ्या थापत होती.

कशेळ्याकडच्या बाईने आयचा हात घट्ट धरला आणि तोंड दाबून रडायला लागली. "परवा... परवा केलं गं मावशी हिनं. कोनाला सांगू? घरात म्हनतात, नाव घेऊ नको." आय म्हणाली, "घे नाव. माझ्यापाशी घे." आणि शिदोरी सोडून भाकरी आणि सुकट तिच्या हातावर ठेवली. "आदी खा. सकाळपासून खाल्लं नसशील."

पदराआडून मुलीने मला बघितलं. मग पदर स्वतःच खाली घेतला. तिचं नाव कमळ. ओठ सुकलेले, डोळ्यांत ती मला चांगली ठाऊक असलेली लांबची नजर. तिने अगदी हळू विचारलं, "पुन्ना येतं का गं तसं मनात?"

मला बाईंसारखं बोलता येत नव्हतं. जे होतं ते मी सांगितलं. "येतं. पन जातं बी. आलं की मी आयला सांगते."

"आन ती मारत नाय?"

"नाय. ती म्हनते, बरं झालं बोललीस."

कमळने आयकडे नीट बघून घेतलं. मग तिने तिच्या आईच्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि सावकाश, विसरलेलं काही आठवावं तशी, चावू लागली. आतल्या दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, ओले हात तसेच वर धरलेले. त्या किती वेळ तिथे होत्या कोण जाणे. त्यांनी आम्हाला हाक मारली नाही. पाऊल न वाजवता त्या परत आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर बाई आयला म्हणाल्या, "तुम्ही गुरुवारी येत जा. यमुना बरी झाली तरी. गोळ्या मी देईन, शेजारी बसायला मला कुणीतरी हवं आहे." आय हसली, पण गेली, भातलावणी आणि कापणी सोडली तर वर्षानुवर्षं गेली. दर वेळी कुणी असायचंच असं नाही. नसलं तर ती बाळंतिणींच्या दुपट्यांच्या घड्या घालून परत यायची. असलं की जाऊन शेजारी बसायची. मी जमेल तेव्हा सोबत असायचे. सगळ्याच मुली कमळसारख्या बोलल्या नाहीत. एक जण आमच्याकडे पाठ करूनच बसली, पुढच्या खेपेला मात्र आयचीच वाट बघत होती.

गावात अर्थातच बोंब झाली. कर्जतच्या पडवीत बोललेलं खोपोलीच्या बाजारात पोचायला वेळ लागत नाही. काकू येऊन म्हणाली, "वयनी, खुळी झालीस का? आता पोरीचं लगीन कसं व्हनार?"

आय तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही. "व्हईल नाय तर नाय," ती म्हणाली. "पोर तर हाय ना माजी."

चव मला परत आली ती याच्या बऱ्याच नंतर, आणि कसल्याही मोठ्या प्रसंगाने नाही. शेतावर पोपटी लावली होती, मडक्यात शेंगा आणि पाला भरून वर जाळ केलेला. मडक्यातून वाफाळत्या वालाच्या शेंगा पानावर ओतल्या, मी एक सोलून दाणा तोंडात टाकला, आणि जिभेला मीठ लागलं. ओवा लागला. भामरुडाच्या पाल्याचा तो कडसर धुरकट वास नाकात गेला. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. दादा म्हणाले, "काय गं, भाजलं का?" मी मान हलवली. मीठ खारट लागतं, एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस कुणाचे आभार मानणार? मी आणखी एक शेंग उचलली. मग आणखी एक.

मी शाळेत परत गेले, पुढे नर्सिंग शिकले, लग्नही झालं. नवऱ्याला पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं होतं. तसं सांगायला मी आयकडूनच शिकले होते. कमळ कशेळ्याला आहे, तिच्या अंगणात नातवंडं खेळतात. तो आवाज माझ्या आयुष्यात पुन्हा एकदोनदा आला, पण तोवर मला त्याची ओळख झाली होती, आणि कुणाला जाऊन सांगायचं तेही माहीत होतं. आज मनाचे डॉक्टर तालुक्याला भेटतात, फोनवरही माणसं ऐकून घेतात. पण घरातलं एखादं पोर गप्प गप्प झालं, तर आधी जवळ बसून सरळ विचारायचं काम घरातल्याच कुणाला तरी करावं लागतं. विचारा. त्याने काही होत नाही, असं मला एका बाईंनी शिकवलं आहे आणि मी त्याचा जिवंत पुरावा आहे.

आय थकली तेव्हा तिला एकदा मी विचारलं होतं. दुपारची वेळ, ती ओटीवर पाय पसरून बसलेली, मी तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते. म्हटलं, "आय, त्या गुरुवारी एवढ्या लोकांत बोललीस, तुला भ्या नाय वाटलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली, इतकं साधं मला कसं कळत नाही म्हणून.

"वाटलं की," ती म्हणाली. "पाय लटलट कापत व्हते माजे. पन ती बाय एकलीच बसली व्हती गं."